चित्र कुठून बघायचं? असल्फाच्या रंगीत टेकडीचं एक परीक्षण

आमचं घर डाळजला, पुणे-सोलापूर हायवेच्या कडेला. मागे ऊस, त्याच्या पलीकडे उजनीचं पाणी. घराची हायवेकडची भिंत कोरी होती, तिला खिडकीच नव्हती. मी दहावीत असताना एका कंपनीचा पेंटर शिडी आणि रंगाचे डबे घेऊन आला. अण्णांना म्हणाला, भिंत फुकट रंगवून देतो, फक्त वर आमचं नाव लिहितो. गावात सगळ्यांनीच होकार दिला होता, अण्णांनीही दिला. दोन दिवसांत पिवळ्याधमक ऑइल पेंटवर पुरुषभर उंचीची लाल अक्षरं आली. एसटीतून उतरलं की लांबूनच आपलं घर ओळखू यायचं. मला तर फार भारी वाटायचं.

त्याच भिंतीला आतून आज्जीची खाट लागलेली. पुढच्या पावसाळ्यात तिची गोधडी दमट राहायला लागली, भिंतीचे पोपडे निघायला लागले. आज्जी म्हणाली, "भित रंगली की गं, पर आतनं वल हाय."

आज मी रंगाच्या थरांतून पाण्याची वाफ कशी जाते यावर पीएच.डी. करतेय, त्यामुळे कुठलीही रंगवलेली भिंत दिसली की मला आज्जीचं हे वाक्य आठवतं. या ब्लॉगवर मी एरवी पेटची तयारी, सिनॉप्सिस, शोधनिबंध कसा वाचायचा असं लिहिते. आज एका कलाकृतीचं परीक्षण लिहितेय. विषय सोडला असं समजू नका. एखाद्या कामाकडे नेमकं कुठून बघायचं हे ठरवणं, हा संशोधनातला पहिला आणि सगळ्यात जास्त चुकणारा भाग आहे, आणि तो या उदाहरणातून मला नीट सांगता येईल असं वाटतं.

दुर्लक्षित भिंती येतात कुठून?

इमारत बांधताना पैसा दर्शनी भागावर जातो. बाजूची भिंत कोरी राहते, कारण शेजारी कधीतरी दुसरी इमारत उभी राहणार असते. जिन्याची, लिफ्टची भिंत कोरी राहते, कारण तिला खिडक्यांची गरज नसते. मागच्या बाजूला पाइप, गटारं, वायरी. आणि वस्तीतल्या घराला तर दर्शनी बाजू म्हणून वेगळी नसतेच. जागा मिळेल तसं घर उभं राहतं, गिलाव्याला पैसे उरले तर गिलावा होतो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या शहरांत अशा भिंतींवर भरपूर चित्रं आली. मुंबईत वांद्रे, ससून डॉक, माहीम. पुण्यात कसबा पेठ. शिवाय स्वच्छता मोहिमांच्या निमित्ताने जवळजवळ प्रत्येक नगरपालिकेच्या हद्दीत. यांच्याबद्दल लिहून येतं ते मात्र एकाच साच्यातलं: आधीचा फोटो, नंतरचा फोटो, आणि "कळकट भिंतींना नवं रूप". सिनेमा आला की त्याची चिरफाड करणारे आपण, भिंतीवरच्या चित्रापुढे मात्र नुसतं "छान" म्हणून थांबतो. चित्र फुकट दिसतंय म्हणून त्याला नावं ठेवणं कृतघ्नपणाचं वाटत असावं. पण परीक्षण म्हणजे नावं ठेवणं नाही. काय जमलंय आणि काय राहिलंय हे कारणासकट सांगणं म्हणजे परीक्षण.

असल्फा: काय जमलं

मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर जून २०१४ मध्ये सुरू झाली. ती बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून जाते. त्यामुळे आजवर रस्त्यावरून न दिसणाऱ्या घरांच्या बाजू आणि छपरं अचानक हजारो प्रवाशांच्या डोळ्यांसमोर आली. असल्फा स्टेशनजवळची टेकडीवरची वस्ती त्यातलीच. २०१७ च्या डिसेंबरात देदीप्या रेड्डी यांच्या पुढाकाराने 'चल रंग दे' या उपक्रमात स्वयंसेवकांनी आणि रहिवाशांनी मिळून या टेकडीवरची घरं रंगवली. निळा, गुलाबी, पिवळा, हिरवा, शेजारच्या दोन घरांचे रंग एकमेकांना भिडतील असे. फोटो देशभर फिरले. इटलीच्या किनाऱ्यावरच्या पोझितानोशी तुलना झाली.

आधी जमलेल्या गोष्टीबद्दल बोलू, कारण ती खरोखर जमलेली आहे. बिनगिलाव्याच्या विटा, सिमेंट आणि पत्रा यांचा लांबून एकच करडा-तपकिरी ढीग दिसतो. डोळा त्यात घर मोजू शकत नाही. प्रत्येक भिंतीला वेगळा सपाट रंग दिला की कडा दिसतात; एक घर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळतं. "वस्ती" या एका शब्दात विरघळलेली घरं सुटी दिसायला लागतात. नुसत्या रंगाच्या जोरावर, कुठलंही अवघड चित्र न काढता हे साधलंय. चित्रकलेच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट नाही. आणि आपल्या घराला कुणीतरी थांबून बघतंय याचा आनंद किती असतो ते मला दहावीत कळलेलं आहे. त्याला मी खोटं म्हणणार नाही.

काय राहिलं

आता तेच काम तीन अंतरांवरून बघूया.

पहिलं अंतर मेट्रोचं. तिथून हे काम उत्तम आहे. पण तिथला प्रेक्षक काही सेकंद बघतो आणि पुढे जातो. रंगांची निवड त्याच्यासाठी झालेली आहे: ठळक, सपाट, एका नजरेत कळणारी. कुठल्याही कलाकृतीला प्रेक्षक ठरवावा लागतो, त्यात गैर काही नाही. पण हा प्रेक्षक ठरवला म्हणजे टेकडीच्या मेट्रोकडच्या उताराला महत्त्व आलं आणि पाठमोऱ्या उताराचं गेलं. म्हणजे "दुर्लक्षित" भिंती निवडतानाही निवड शेवटी दर्शनी आणि मागची अशीच झाली. फक्त दर्शनी कशाला म्हणायचं ते मेट्रोने ठरवलं.

दुसरं अंतर गल्लीचं. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशा गल्लीत उभं राहिलं की टेकडीचा रंगीत गालिचा दिसतच नाही. समोर एकच भिंत असते, फुटभर अंतरावर. तिथे सपाट रंग चटकन संपतो. गल्ल्यांतल्या काही भिंतींवर चित्रं काढली, म्हणजे हा प्रश्न करणाऱ्यांना जाणवला होता. पण टेकडीच्या एकूण रचनेत जो विचार दिसतो, तो गल्लीच्या पातळीवर नाही. तिथे सुटी चित्रं आहेत; एकीचा दुसरीशी संबंध नाही, जिन्याशी, उंबऱ्याशी, पाण्याच्या पिंपाशी तर नाहीच.

तिसरं अंतर भिंतीच्या आतलं. मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आमच्या इंदापूर तालुक्याच्या साधारण चौपट. टेकडीवरच्या घरात दरवर्षी जूनमध्ये लढाई असते ती छपराशी. असल्फाच्या त्या गाजलेल्या फोटोंत रंगीत भिंतींच्या वर पत्रे आणि निळी ताडपत्री दिसते. फोटोत तीही रंगसंगतीचा भाग वाटते. घरात राहणाऱ्यासाठी तो निळा रंग म्हणजे गळती. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. हे काम भिंतीला कॅनव्हास समजतं. कॅनव्हासला मागची बाजू असली तरी तिथे कुणी झोपत नाही.

"अहो पण चित्रकाराने छप्पर का दुरुस्त करायचं?" असं कुणी म्हणेल. रास्त प्रश्न आहे. नुसतं चित्र काढलं असतं तर मी हे मागितलं नसतं. पण अशा कामांबद्दल "वस्ती बदलली" असा दावा केला जातो, आणि दावा केला की तो तपासायचा अधिकार वाचकाला मिळतो. ब्राझीलमध्ये रिओच्या सांता मार्ता वस्तीतला चौक हास आणि हान या डच जोडीने २०१० मध्ये असाच रंगवला आणि जगभर गाजला. पुढे दुसऱ्या वस्तीत घरं रंगवताना आधी भिंतींना गिलावा करणं हाच कामाचा भाग झाला, कारण उघड्या विटांचं घर तापतं आणि राहणाऱ्याला रंगाआधी गिलावा हवा असतो. त्या कामात रंग शेवटी आला.

इतर काही भिंती

तुलनेशिवाय परीक्षण म्हणजे नुसतं मत. म्हणून मुंबईतल्याच आणखी काही भिंती बघू.

वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या उंच इमारतीच्या कोऱ्या भिंतीवर रणजित दहिया यांनी २०१४ मध्ये दादासाहेब फाळक्यांचं प्रचंड चित्र काढलं. दहिया मूळचे हरियाणाचे, भिंतींना चुना मारण्यापासून सुरुवात केलेले. २०१२ पासून त्यांनी 'बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट'मधून वांद्र्यात सिनेमाच्या हाताने रंगवलेल्या पोस्टरची परंपरा भिंतींवर आणली. फाळक्यांची भिंत मला जमलेली वाटते, कारण तिथे प्रेक्षक आणि भिंत यांचा मेळ बसतो. कार्यालयाची इमारत, प्रचंड मोकळी बाजू, समोर वाहता रस्ता. ज्या अंतरावरून ती भिंत सगळ्यांना दिसते, त्याच अंतरासाठी चित्र काढलंय, आणि ते कुणाचं घर बदलल्याचा दावा करत नाही. तिची मर्यादाही तीच: हे चित्र तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या कुठल्याही भिंतीवर चाललं असतं. एमटीएनएलच्या इमारतीचं असं त्यात काही नाही.

ससून डॉक १८७५ मधलं. २०१७ च्या अखेरीस, म्हणजे असल्फाच्याच सुमारास, तिथे 'स्टार्ट इंडिया'ने कला प्रकल्प केला. फ्रेंच कलावंत जेआर यांच्या 'इनसाइड आउट' प्रकल्पाच्या पद्धतीने तिथल्या कोळी आणि डॉकवर राबणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांचे मोठमोठे कृष्णधवल फोटो भिंतींवर लागले. इथे चित्र त्या जागेपासून सुटं करता येत नाही. फोटोतली बाई आणि खाली कोळंबी सोलणारी बाई एकाच नजरेत येऊ शकते. बघायला आलेल्याला बघताना थोडं अवघडायला होतं, आणि तसं व्हायलाच हवं. पण कागद भिंतीवर चिकटवला की त्याचं आयुष्य थोडकं. ते काम तात्पुरतं होतं आणि तात्पुरतं असल्याचं लपवत नव्हतं.

आता जरा मागे जाऊ, कारण दुर्लक्षित भागावर कला ही आजची टूम नाही. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समुदायांच्या माणसांचे २४ पुतळे आहेत, रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवलेले. त्यातले बरेच इतक्या उंचावर आहेत की खालून जाणाऱ्याला त्यांचा चेहरा नीट दिसतही नाही. तरी ते मन लावून घडवलेत. त्याच वर्षी बांधायला सुरुवात झालेल्या सीएसएमटीच्या नक्षीकामात आजच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. तिथे कोपऱ्यांवर तोंड वासलेले प्राणी दिसतात. तो घाट युरोपातल्या गॉथिक इमारतींतून आला. तिथे छपराचं पाणी भिंतीपासून लांब फेकणारी पन्हळ अशा प्राण्याच्या तोंडातून काढायचे. आपल्या देवळात अभिषेकाचं पाणी बाहेर काढणारं गोमुख हे तेच तत्त्व. पन्हळ ही इमारतीची सगळ्यात दुर्लक्षित जागा. तिथे शिल्पकाराने कला केली, पण पन्हळीचं काम काढून घेतलं नाही. प्राणी सुंदर आहे की नाही हा पुढचा प्रश्न. आधी पाणी भिंतीवर ओघळत नाही.

असल्फाच्या कामात मला हाच धागा सापडत नाही. एखादी पागोळी, एखादा ताडपत्रीचा काठ, एखादा पाण्याचा पाइप चित्राचा भाग झाला असता आणि त्यासोबत दुरुस्तही झाला असता, तर ते काम पोझितानोची आठवण म्हणून नव्हे, असल्फाचं म्हणून लक्षात राहिलं असतं.

यातून तुम्ही काय घ्यायचं

आता तुमच्या कामाचं. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी एक वाक्य ठोकून लिहिलं होतं: ऑइल पेंटमुळे विटांच्या भिंतीत ओल येते. पुरावा? आज्जीची खोली. गाइड मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "त्याच घराची, त्याच दिशेची, रंग न दिलेली भिंत कुठे आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधीचा-नंतरचा फोटो दाखवून वस्ती बदलली म्हणणारे आणि मी, आम्ही एकाच नावेत होतो. आधी आणि नंतरच्या मध्ये नुसता रंग येत नाही. पाऊस येतो, वर्ष जातं, शेजारी नवा नळ येतो. नेमकं कशामुळे काय झालं हे दोन फोटो सांगू शकत नाहीत.

मग मी दिवाळीत घरी जाऊन शिडी लावून वर चढले. कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यात बोटभर चीर सापडली. पाणी तिथून आत शिरत होतं. म्हणजे ओलीचं मूळ रंगात नव्हतंच! इतकी वर्षं मी त्या पेंटरला मनातल्या मनात शिव्या देत होते. चीर बुजवली आणि मॅडमच्या सांगण्यावरून आणखी एक गोष्ट केली: भिंतीचा तीन फूट रुंद पट्टा खरवडून नुसता चुना मारला, बाकी ऑइल पेंट तसाच ठेवला. पुढच्या पावसाळ्यानंतर चुन्याचा पट्टा दसऱ्याच्या आधी कोरडा झाला. शेजारी रंगाखाली पोपडे अजून फुगत होते. चुन्यातून वाफ निघून जाते. ऑइल पेंटचा सलग थर तिला अडवतो, मग आतले क्षार रंगामागे साठतात आणि रंगाला बाहेर ढकलतात. पाणी शिरलं चिरेतून, अडकलं रंगामुळे. एका भिंतीवरचा, एका हंगामाचा हा अनुभव. सिद्धांत म्हणून तो कुठे छापता येणार नाही, पण माझा पीएच.डी.चा प्रश्न त्यातून निघाला. आणि म्हणूनच आमच्या भिंतीची ओल उचलून मी असल्फाच्या भिंतींवर चिकटवत नाहीये. असल्फाबद्दलचा माझा आक्षेप ओलीचा नाही, दावा आणि नजर यांच्यातल्या अंतराचा आहे.

तुमच्या विषयाला हे असं लावून बघा. विषय समाजशास्त्राचा असो नाहीतर रसायनाचा, आधी लिहून काढा की तुमचं निरीक्षण कुठल्या अंतरावरून होतंय. मेट्रोतून, गल्लीतून की खोलीतून? ज्या अंतरावरून बघितलं त्याच अंतराचा निष्कर्ष काढा. मेट्रोतून बघून खोलीबद्दल बोलू नका. खोलीत एक रात्र काढून सगळ्या टेकडीबद्दलही बोलू नका. आणि जे काम तुम्हाला आवडलंय त्याचं परीक्षण सगळ्यात कडक करा, कारण तिथेच आपण "छान" म्हणून थांबतो. मला असल्फाचे ते फोटो आवडले होते. दोन वर्षं माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर होते.

आमच्या भिंतीचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. कंपनीचं नाव जवळजवळ पुसट झालंय. भावाची मुलगी मागे लागली होती की तिथे भिगवणचा रोहित काढूया, पाण्यात एका पायावर उभा असलेला. सगळ्यांना पटलं. पण आज्जीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चितार काढा की, पर मला आतनं काय दिसायचं त्यातलं?" म्हणून आधी खिडकी पाडून घेतली. आता ती खाटेवर बसून हायवेवरच्या उसाच्या गाड्या मोजते. रोहित अजून काढायचाय, खिडकीच्या बाजूला जागा ठेवलीये.